अडीच मासे

‘डोन्ट स्टार्व्ह’ नावाच्या व्हिडिओ गेममध्ये एक पातेलं आहे. खेळात त्याला क्रॉक पॉट म्हणतात. तीन घडीव दगड, सहा कोळसे आणि सहा काटक्या जमवल्या की ते उभं राहतं. त्यात चार खण. चार खणांत चार जिन्नस टाकायचे, बटण दाबायचं आणि पातेलं खदखदून गप्प होईपर्यंत वाट बघायची. मीठ किती, आगळ कधी घालायचं, खोबरं किती बारीक वाटायचं, असला प्रश्न तिथे येतच नाही, कारण ढवळायची आणि चाखायची सोयच ठेवलेली नाही. शिवाय कुठल्या चार जिनसांचं काय होणार हे खेळ आधी सांगत नाही. शिजल्यावर कळतं.

मी जन्मभर मासे रांधत आलेली बाई. माहेर वेंगुर्ल्याचं, संसार ठाण्यात. बाजारात सुरमईचा कल्ला उघडून बघणारी, आणि कोळणीने ‘ताजी हाय’ म्हटलं की ‘आजची ताजी की कालची ताजी?’ असं विचारणारी. भाच्याच्या लॅपटॉपवर ते पातेलं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मनात आलं, इथे मला कोण शिकवणार? बाकीच्या खेळात कुऱ्हाडी, कोळी, भुतं, काय असेल ते असो. पातेलं माझं.

भाचा म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा. कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो. त्याने आधी खेळ समजावून सांगितला, आणि मी तो अर्धाच ऐकला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या क्लेई एंटरटेनमेंटने २०१३ मध्ये काढलेला खेळ. विल्सन नावाचा एक शास्त्रज्ञ अनोळखी रानात येऊन पडतो. गवत उपटायचं, काटक्या गोळा करायच्या, चकमकीचा दगड शोधायचा आणि रात्र व्हायच्या आत जाळ करायचा, कारण गच्च काळोखात उभं राहिलं की काहीतरी येऊन मारतं. पडद्याच्या कोपऱ्यात तीन गोल असतात: पोट, हृदय आणि मेंदू. पोट भुकेचं, हृदय जिवाचं, आणि मेंदू म्हणजे डोकं ठिकाणावर आहे की नाही त्याचा. भाचा त्याला सॅनिटी म्हणतो, मीही आता तेच म्हणते. विल्सनचं पोट १५० चं आणि डोकं २०० चं. खेळातला दिवस आपल्या आठ मिनिटांचा, आणि एका दिवसात पोटातले ७५ उतरतात. भरपेट जेवलेला माणूस दोन दिवसांत रिकामा. मेला तर मेला. परत उठण्याची काही तजवीज आधी करून ठेवली नसेल, तर त्याच्याबरोबर त्याचं सगळं जग पुसलं जातं. हे शेवटचं वाक्य मी न ऐकलेल्या अर्ध्या भागात होतं.

भाचा खेळत होता तो ‘शिपरेक्ड’ हा पुढचा भाग. टोरोंटोच्या कॅपीबारा गेम्सला बरोबर घेऊन क्लेईने तो २०१६ मध्ये आणला. यात रान जाऊन बेटं आली. नारळ, बांबू, रताळी, समुद्रातलं शेवाळ, खडकाला चिकटलेली शिंपली, आणि चार ऋतूंतला एक चक्क मान्सून. मासळीच्या थव्यावर नाव न्यायची आणि गळ टाकायचा. हे सगळं पाहिल्यावर मी खुर्ची ओढून बसले यात माझी काय चूक?

भाच्याने पातेल्यात होणाऱ्या माशांच्या पदार्थांची नावं सांगितली. त्यांत मला भुरळ पडली ती सीफूड गंबोची. खाल्ला की जीव ४० ने वाढतो, भूक ३७.५ ने भागते आणि सॅनिटी २० ने वर जाते. कसा करायचा विचारलं तर म्हणाला, “मासे जरा जास्त टाकायचे असतात, नक्की बघून सांगतो.”

मी म्हटलं, “बघायचं काय त्यात? माशाचं सूप करायला मला पुस्तक लागतं का?”

मग मी घरच्या हिशेबाने लागले. दोन मासे आणि अंगाला दाटपणा यावा म्हणून दोन शेवाळं. निघाला कॅलिफोर्निया रोल. परत केलं, परत रोल. खेळात दोन शेवाळं आणि एक मासा एवढ्यानेच हा रोल होतो, आणि गंबोपेक्षा त्याचा मान वरचा. पातेल्याला एकाच वेळी दोन पदार्थ जमत असले तर ज्याचा मान वरचा तोच ते करतं. मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं मासे कमी पडले.

ते खरंही होतं, पण ज्या अर्थाने मला वाटलं त्या अर्थाने नव्हे. या पातेल्याला मासा दिसत नाही, माशाचं माप दिसतं. प्रत्येक जिनसाला आकडे चिकटवलेले आहेत: मासा किती, मांस किती, भाजी किती. उष्णकटिबंधातला तो रंगीत मासा म्हणजे मासा एक आणि मांस अर्धं. शिंपल्याचा मासा अर्धा. गंबोला माशाचं माप दोनच्या वर लागतं. दोन नव्हे, दोनच्या वर. आकडे अर्ध्या-अर्ध्याने वाढतात, म्हणजे कमीत कमी अडीच. मी मात्र शेवाळं सोडून शिंपल्यांकडे वळले, कारण आमच्याकडे तिसऱ्यांच्या सुक्याइतकं हमखास काही नाही. चारी खणांत शिंपली भरली आणि झाकण लावलं. चार अर्धे म्हणजे दोन. झाकण उघडलं तर आत करडा-हिरवा चिकट गोळा. वेट गूप. काहीच जमलं नाही की पातेलं ते देतं. भूक नाही, जीव नाही, काही नाही.

“असं कसं?” मी म्हटलं. “चार शिंपल्यांचं नुसतं पाणी प्यायलं तरी माणूस उठून बसतो.”

भाचा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. “मावशी, तीन शिंपली आणि एक बर्फ टाक. बिस्क होतं. जीव साठने वाढतो.”

माशाच्या सुपात बर्फ. मी ऐकलं नाही.

पुढची चूक थांबण्याची. तीन मासे लागतात हे एव्हाना कळलं होतं, पण थवे पातळ झाले होते आणि दोन मासे हातात घेऊन मी तिसऱ्याची वाट बघत बसले. खेळातला कच्चा मासा तीन दिवस टिकतो, म्हणजे आपली चोवीस मिनिटं. जिनसामागचा रंग हिरव्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा लाल, आणि मग तो कुजतो. शिजवलेला गंबो मात्र दहा दिवस टिकतो. शहाणा माणूस हातात आहे त्याचं काहीतरी शिजवून टाकेल. बाजारात नासकी मासळी ओळखण्याचा मला एवढा गर्व, आणि माझ्या पिशवीत दोन मासे लाल होत चाललेले मला दिसत होते, तरी मी म्हणत होते, येईल तिसरा. तिसरा आला तेव्हा पहिले दोन संपले होते. हे पुन्हा पुन्हा झालं. किती वेळा ते सांगत नाही.

एकदाचा गंबो झाला. वाडग्यात तांबूस काहीतरी, त्यात माशाचं शेपूट. आनंदाने मी भाच्याला अभ्यासावरून उठवून दाखवला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने हळूच एक हिशेब सांगितला. त्याची मला अजून चीड येते.

एक मासा, एक काटकी आणि बाकी दोन खणांत रताळ्यासारखं काहीही. याच्या होतात फिशस्टिक्स. जीव ४०, भूक ३७.५, सॅनिटी ५. गंबोइतकाच जीव, गंबोइतकीच भूक, टिकतातही गंबोइतक्याच. आता गंबोचे तीन मासे घे आणि त्यांच्या तीनदा फिशस्टिक्स कर: जीव १२०, भूक ११२.५, सॅनिटी १५. गंबोत वर मिळते ती फक्त पाच सॅनिटी. “आणि मावशी,” तो म्हणाला, “रस्त्यातलं एक फूल तोडलं तरी पाच सॅनिटी मिळते.”

म्हणजे मी एका फुलासाठी दोन मासे जास्तीचे घालवत होते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला काटकीच पटत नव्हती. खाण्याच्या पातेल्यात लाकूड कोण घालतं? नंतर कळलं की तीन मासे आणि एक काटकी टाकली तर दोन्ही पदार्थ जमतात, दोघांचा मान सारखा, आणि मग पातेलं नशिबावर सोडतं. कधी गंबो, कधी फिशस्टिक्स. अशा पातेल्यावर विश्वास ठेवायचा?

त्याहून मोठा हट्ट मांसाचा. तेच तीन मासे घेऊन चौथ्या खणात काटकीऐवजी मांसाचा मोठा तुकडा टाकला तर मांसाचं माप अडीच होतं आणि होतो सर्फ अँड टर्फ: जीव ६०, भूक ३७.५, सॅनिटी ३३. गंबोपेक्षा प्रत्येक बाबतीत वरचढ किंवा बरोबरीचा. एक तुकडा फक्त. भाचा कळवळून सांगायचा आणि मी मान हलवायचे. मटण आणि मासे एका भांड्यात? आमच्या घरात माशांचा तवासुद्धा वेगळा असायचा. आई असती तर पातेलं बाहेर काढून राखेने घासलं असतं. तिथे आई नव्हती, राख नव्हती, त्या मांसाला वास नव्हता आणि खाणारा विल्सन कोणत्या जातीचा, कोणत्या घरचा, काहीच माहीत नव्हतं. तरी हात होईना.

मधल्या काळात मी एक स्वतंत्र मूर्खपणा केला, तोही लिहून टाकते. खेळातला गंबो जमत नाही तर खरा करू, म्हणून एका रविवारी नणंद जेवायला असताना मी गंबो केला. गंबो हा अमेरिकेतल्या लुइझियानाचा पदार्थ. तेलात किंवा तुपात मैदा घालून तो न थांबता परतत राहायचा, अगदी चॉकलेटी रंग येईपर्यंत. त्याला रू म्हणतात. मग त्यावर कांदा, सेलेरी आणि ढबू मिरची, या त्रिकुटाला तिकडे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. मग रस्सा, कोळंबी, खेकडा, आणि दाटपणासाठी भेंडी किंवा ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड. भातावर वाढायचा. भेंडी आणि भात आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झाले.

मैदा परतताना फोन वाजला. अर्धं मिनिट हात थांबला असेल. परत आले तर तेलात काळे कण. असं झालं की तो रू टाकून द्यायचा आणि नव्याने सुरू करायचा, याला तिकडे दुसरा उपाय मानत नाहीत. अर्धी वाटी तेल टाकून द्यायचं? मी त्यात कांदा लोटला, दोन टोमॅटो लोटले, वरून दोन कोकमं. कडूपणा आंबटात लपेल असं वाटलं. मग भेंडी. सवयीने मी ती आधी तव्यावर कोरडी, खरपूस परतून घेतली, तार जाईपर्यंत. गंबोला भेंडी हवी असते ती त्या तारेसाठीच. ज्याने रस्सा दाट व्हायचा तेच मी तव्यावर जाळून आले होते आणि वर पाणचट रश्शाला मैदा कमी पडला म्हणून दोष देत होते. नणंदेने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “वेगळं लागतंय.” मराठीत यापेक्षा कठोर शेरा मला माहीत नाही. भाच्याने ताट संपवलं आणि उठताना म्हणाला, “वेट गूप.”

आता सर्वांत मोठी चूक.

परीक्षेच्या दिवसांत भाचा सकाळी कॉलेजला जायचा आणि लॅपटॉप घरी असायचा. त्याचं एक जुनं जग होतं. वादळाचा ऋतू, मान्सून, सगळं पार केलेलं. बांबूचं कुंपण, मासे ठेवायला बर्फाची पेटी, एकाला लागून एक पातेली. माझ्या जगात धड जाळ टिकत नव्हता. मी म्हटलं, त्याचं उघडू, एकच गंबो करू, बंद करू. त्याला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नव्हतं.

पेटीत दोन मासे होते. तिसरा नव्हता. संध्याकाळ होत आलेली, आणि विल्सनची सॅनिटी पस्तीसच्या आसपास. पडद्याच्या कडा थरथरायला लागल्या होत्या, जमिनीवर सावल्या सरकत होत्या. माझ्या मते तेव्हा गंबोच हवा होता, वीस सॅनिटीचा. तिसऱ्या माशासाठी नाव काढायला वेळ नव्हता. पेटीच्या कोपऱ्यात शार्कचा एक पर दिसला, भाच्याने कधीतरी शार्क मारून जपून ठेवलेला.

आमच्याकडे शार्क म्हणजे मोरी. मोरीचं सुकं, मोरीचं तिखलं, बाळंतिणीला द्यायची मोरी. मासाच तो. दोन मासे, एक पर, वरून एक रताळं. झाकण लावलं.

झाला शार्क फिन सूप. पर पडला की पातेलं बाकी काही बघतच नाही, कारण या सुपाचा मान गंबोच्या वरचा. जीव ४०, भूक नुसती १२.५, आणि सॅनिटी उणे दहा. उणे. मी ते वाचलंच नाही. वाडगा गंबोसारखाच दिसला, म्हणून मी तो विल्सनला पाजला.

हे सूप प्यायलं की खेळ आणखी एक गोष्ट करतो. खेळाडूच्या नावावर पापाचं एक गुप्त खातं असतं. निरुपद्रवी जनावरं मारली की त्यात भर पडते आणि ते भरलं की क्रॅम्पस नावाचा राक्षस पोतं घेऊन चोरी करायला येतो. शार्कच्या सुपाने त्या खात्यात एकदम दहा जमा होतात. खाण्याबद्दल पाप लावणारा दुसरा पदार्थ निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. खेळ करणाऱ्यांच्या मनात खरे शार्क असणार: पर कापून घ्यायचे आणि उरलेलं धड समुद्रात टाकून द्यायचं, असा धंदा जगभर चालला. आपल्याकडेही पर धडाला चिकटलेलेच आणले पाहिजेत असा नियम २०१३ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये परांच्या निर्यातीवर बंदी आली. मोरी खाऊन वाढलेल्या मला तो पर म्हणजे फक्त एक मासा वाटला. त्या दिवशी मला पापापेक्षा दहाचा आकडा महागात पडला.

दोनशेचे पंधरा टक्के म्हणजे तीस. सॅनिटी तिसाच्या खाली गेली की एरवी नुसत्या दिसणाऱ्या सावल्या अंगावर येतात. पस्तिसातून दहा गेले, पंचवीस राहिले. त्यांतलंच एक काळं लांबलचक जनावर कुंपणातून सरळ आत आलं. भाल्याचं बटण कुठलं ते मला आठवेना. मी विल्सनला पातेल्यांभोवती पळवलं, दोनदा गोल गोल, आणि तो तिथेच पडला. मग पडद्यावर तो किती दिवस जगला ते आलं. मी बटण दाबलं, मुखपृष्ठ आलं, आणि त्याच्या जगाची जागा रिकामी होती. तेव्हा मला न ऐकलेलं वाक्य कळलं.

भाचा दुपारी आला. जेवला. लॅपटॉप उघडला.

“मावशी, माझं सेव्ह दिसत नाहीये.”

“सकाळी मी रेसिपी बघायला उघडला होता रे,” मी पोळ्या झाकत म्हटलं. “हँग झाला. बंद करून चालू केला. तेव्हाच काही झालं असेल.”

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. माझ्या मुलीने लहानपणी परीक्षेचे मार्क लपवले तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मला स्वतःचंच नवल वाटलं. त्याने मान डोलावली, “होतं कधीकधी,” म्हणाला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मला वाटलं, वाईट वाटतंय बिचाऱ्याला. रात्री त्याला आवडतात म्हणून मी बोंबील तळले. तेही कबूल करते: बोंबील माफीचे नव्हते, संशय येऊ नये म्हणून होते.

रविवारी बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग ती म्हणाली, “ताई, तू म्हणे शार्कचं सूप पिऊन मेलीस?”

त्या खेळात मॉर्ग नावाचं एक पान आहे. शवागार. तुमचे मेलेले सगळे तिथे ओळीने मांडलेले: कोण, किती दिवस जगला, कशाने मेला. सर्वांत वरची ओळ त्या सकाळची होती. भाच्याने ती त्याच दुपारी, माझ्यासमोर बसून वाचली होती. लॅपटॉप हँग झाल्याने कुणी सावलीच्या जनावराकडून मरत नाही. सुपाचं त्याने कशावरून ओळखलं ते मी विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं. पेटीत जपून ठेवलेला पर कुठे गेला असेल हे त्याला कळायला फार डोकं लागलं नसणार.

“तो चिडलाय का गं?” मी बहिणीला विचारलं.

“तो हसत होता. म्हणाला, मावशीला सांगू नकोस, मला बोंबील मिळतायत.”

मी त्याच्या खोलीत गेले. माफी मागणं मला जमत नाही. लहान माणसाची तर मुळीच नाही. आमच्या पिढीत मोठ्यांनी लहानांची माफी मागितल्याचं मी बघितलेलं नाही. आपली चूक असली की ‘जेवलास का?’ असं विचारायचं आणि समोरच्याने समजून घ्यायचं, अशी पद्धत. मीही दारात उभं राहून जेवलास का विचारणार होते. जिभेवर आलंही होतं. मग म्हटलं, “ते जग माझ्याकडून गेलं. हँगबिंग काही झालं नव्हतं. मी खोटं बोलले.”

“माहितीये,” तो म्हणाला. मग खुर्ची फिरवून म्हणाला, “जगाचं काही नाही मावशी, मी परत करीन. पण तू काटकी का नाही टाकलीस? दोन मासे होते ना? त्यातला एक मासा, काटकी, रताळी, झाल्या फिशस्टिक्स. दुसऱ्या माशाच्या परत. दहा सॅनिटी मिळाली असती आणि पोटही भरलं असतं.”

मी जगाबद्दल बोलायला गेले होते आणि तो पाककृतीबद्दल बोलत होता. त्याला खरोखर तेच कळत नव्हतं: सगळं सांगूनसुद्धा ही बाई एक काडी का टाकत नाही? मला उत्तर देता येईना. ‘आमच्याकडे घालत नाहीत’ हे काही उत्तर नव्हे. आणि दुसरं माझ्याकडे नव्हतं.

त्यानंतर त्याने एक जागा माझ्या नावाने करून दिली. सर्वांत वरची माझी, बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्याने वॉर्ली नावाचा स्वयंपाकी घेऊन खेळायचं सुचवलं, शिपरेक्डमधलाच. हा वॉर्ली स्वतःचं पातेलं बरोबर घेऊन हिंडतो आणि तोच पदार्थ परत दिला की नाक मुरडतो, आमच्या घरच्या पुरुषांसारखा. मी विल्सनच ठेवला. निमूट खातो.

आता मला बरंचसं जमतं. तीन शिंपली आणि बर्फ टाकून बिस्क करते, ती माशाच्या सुपातल्या बर्फाची गोष्ट बाजूला ठेवून. मासा पिवळा व्हायच्या आत शिजवते. शार्कचा पर मिळाला तर समुद्रात टाकते. गंबोही करते, तीन मासे जमले तर आणि सॅनिटी खरंच हवी असेल तर. फुलं तोडते.

परवा चार खणांतले तीन माशांनी भरले होते आणि पिशवीत मांसाचा एक मोठा तुकडा लाल होत आला होता. भाचा मागे उभा होता, चहाचा कप घेऊन.

“टाक ना मावशी. तेहतीस आहेत. कुजून जाईल तो.”

मी तुकडा उचलला, खणाच्या वर नेला. परत पिशवीत ठेवला. शोधून शोधून एक काटकी काढली आणि ती टाकली. बटण दाबलं.

“प्रगती आहे,” भाचा म्हणाला.

फिशस्टिक्स निघाल्या. तीन माशांच्या.